मिसळणीच्या डब्यातले हिंगे

आरमोरी, ता. २ ऑगस्ट १९५७, शुक्रवार
आजही सतराच. जास्वंदीची चार झाडं आहेत, तरी एकवीस अख्खी फुलं मिळत नाहीत. चातुर्मासाचा नेम मी गणपतीला बोलले, हिंग्यांना नव्हे. पण उजाडता टोपली घेऊन जावं तर हे किडे माझ्याआधी बसलेले. काळं अंग, पाठीवर रंगीत पट्टे, पाकळी कडेपासून कुरतडत जातात. कुरतडलेलं फूल देवाला चालत नाही. कण्हेरीची चार घालून एकवीस केली. सासूबाई म्हणाल्या, "नेम जास्वंदीचा होता ना गं?"
संध्याकाळी ह्यांनी नवीनच सांगितलं. चांद्याच्या शेतकी साहेबांना, हे नोकरीला आहेत त्या सरकारी मळ्यावरच्या किडींचे नमुने हवेत. प्रदर्शनासाठी, शिवाय एक तक्ता छापायचा आहे. "तुझी रोज त्या हिंग्यांशी गाठ. तूच वेच."
मारायचं ह्यांनी, वेचायचं मी. पाप अर्धं अर्धं.

ता. ६
टाचण्या वडशाहून आणाव्या लागतील म्हणे. कशाला? बाभळीचे काटे आहेत. ज्वारीच्या धांड्याचा गाभा कापून त्यात काटा छान बसतो. पेटीसुद्धा नको. मिसळणीचा जुना तीन खणी डबा पडूनच होता, मोहरीचा वास जाईना म्हणून. चिंच लावून घासला, उन्हात ठेवला, कापूर घातला.
लाल पट्ट्यांचे एका खणात, नारिंगी दुसऱ्यात, पिवळे तिसऱ्यात. पूजेच्या ताटात फुलं लावावी तसे. ताटात रंग मिसळलेले मला लहानपणापासून खपत नाहीत.
चिठ्ठीही लिहून दिली. लाल : अंगाला लागला की फोड येतो. नारिंगी : ठाऊक नाही. पिवळा : हातात धरला, काही झालं नाही.
हे म्हणाले, "डबा फार देखणा दिसतो." वडशाच्या गाडीनं गेला.

ता. १०, राखी पौर्णिमा
एकोणीस फुलं. नारळीभात. बाकी काही नाही.

ता. २६, पोळ्याचा दुसरा दिवस
चांद्याहून तक्ता आला. हे सायकलवरून उतरायच्या आधीच सांगू लागले. साहेबांना नमुने फार आवडले, मळ्याचं नाव झालं, आता कायम व्हायला अडचण नाही. सात वर्षं तात्पुरतेच आहेत. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.
तक्ता मोठ्या कागदावर हातानं लिहिलेला. छापायला जायच्या आधी मळ्यावर लावून पाहायचा आहे. मी उभ्यानंच वाचला.
"हिंगे. प्रकार तीन. एक, लाल पट्ट्यांचा : विषारी, चिमट्यानेच धरावा. दोन, नारिंगी पट्ट्यांचा : सौम्य. तीन, पिवळ्या पट्ट्यांचा : निरुपद्रवी. हाताने वेचावा."
तीन प्रकार कुठून आले? डब्याला खण तीन होते म्हणून. चार असते तर चार झाले असते.
आणि 'निरुपद्रवी' कुठून आला ते मला चांगलं ठाऊक आहे.
ह्यांना म्हटलं, "मी तर नुसते रंगानं लावले होते." हे म्हणाले, "साहेब शिकलेले आहेत, त्यांनी बघूनच लिहिलं असेल." साखर सगळ्यांनी खाल्ली. मीही खाल्ली.

ता. ३०, शुक्रवार
काल गणपती बसले. आज मंजुळाबाई दारात. मळ्यावर निंदणाला जाते, आमच्याकडे लाकडं टाकते. हात पदरात गुंडाळलेले.
"पाह्य बाई, काय झालं."
दोन्ही तळव्यांवर, बोटांच्या बेचक्यांत फोड. पाण्यानं भरलेले, टपोरे. एक फुटून खालचं मांस दिसत होतं.
"लाल धरला का गं?"
"लाल कायले धरू? मले का डोये नाई? पिवळेच येचत होती. मुकादम म्हणे, कागदावर लिवलं हाये, पिवळा काई करत नाई, फडका कायले पायजे. चौघीचे हात असेच झाले. आता म्हणते, तुमी गवताचा चीक लावून घेतला."
मी तिला खोबरेल लावून दिलं. तिचं तोंड चालूच. "कागद कोनं लिवला बाई? त्याच्या हातावर ठेवा लागते एक हिंगा. नाई तं त्याच्या बैलबंडीत घालून द्या लागते, बसायच्या जागी."
मी हसले नाही. म्हणजे हसू आलं, पण गिळलं. कोनं लिवला हे तिला सांगितलं नाही. आज सांगायला हवं होतं.

ता. ३१, शनिवार
दिवसभर एकच विचार. मी पिवळा हातात धरला होता हे खरं, पण दाबला कुठे होता? फूल उचलावं तसा हलका उचलला, ठेवला. मंजुळाबाई दिवसाला शेकड्यांनी वेचते, ती हलका कशी धरेल?
तेव्हा करूनच पाहिलं. हिंग्याचा पाय जरा चिमटीत धरला की गुडघ्याशी पिवळा थेंब येतो. मारावं लागत नाही, सोडून दिला की चालू लागतो. डाव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत सहा ठिकाणी थेंब लावले. दोन लाल हिंग्यांचे, दोन नारिंगींचे, दोन पिवळ्यांचे. शेजारी शाईनं ठिपके. दुपारी बारा वाजता. सहाही हिंगे झाडावर परत सोडले.
काही दुखत नाही. रात्री नऊपर्यंत काही नाही. माझंच चुकलं असेल तर बरं, असंही एकदा मनात आलं.

ता. १ सप्टेंबर, रविवार
सहाच्या सहा.
मनगटाजवळचा, शेवटच्या पिवळ्याचा, सगळ्यांत मोठा. बोरासारखा.
आज महालक्ष्म्या यायच्या. सासूबाईंनी हात पाहिला आणि कपाळाला हात लावला. "फोडाच्या हातानं नैवेद्य शिजवणार? सोळा भाज्या, आंबील, पुरण, कोण करणार? सणाच्या आदल्या दिवशी असला उद्योग सुचतो कसा तुला?"
"चौघी बायकांचे हात असेच झाले आहेत, माझ्या चिठ्ठीमुळे."
"त्यांचे झाले म्हणून तू करून घ्यायचे?"
मी फोडांवर खोबरेल लावलं.

ता. २
लग्न होऊन अकरा वर्षं. पहिल्यांदाच महालक्ष्म्यांच्या दिवशी चुलीजवळ नाही. पडवीत बसून भाज्या निवडल्या त्याही एका हातानं. ज्येष्ठेच्या मुखवट्याकडे बघून म्हटलं, तुला कळतंय ना. कळत असावं. मला वाईट वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही.

ता. ५
ह्यांच्याशी भांडण. कमी बोलून झालेलं, म्हणजे जास्त वाईट.
"तक्ता बदलायला सांगा."
"काय सांगू? माझ्या बायकोनं मिसळणीच्या डब्यात रंग जुळवले आणि तुम्ही त्याला शास्त्र समजलात, असं सांगू साहेबाला? या दिवाळीत कायम व्हायची यादी निघते."
"मग बायकांचे हात?"
"मुकादमाला सांगतो फडकी द्यायला."
"मुकादम कागद बघतो."
हे उठून गेले. तांब्या भरलेला तसाच राहिला.

ता. ८
मी सांगितलेलं पुरणार नाही. हाताचे फोड म्हणजे फोड झाले, एवढंच. साहेब म्हणतील, तिन्ही प्रकार विषारी, चला, तिसरा शब्द बदलू. पण प्रकार तीन आहेतच कशावरून? मीच केलेली विभागणी आहे, मीच मोडून पाहते.
हिशेबाच्या वहीची मागची पानं घेतली. रकाने आधीच आखलेले आहेत, कागद वाया जात नाही. अनुक्रम, रंग, लांबी, खांद्यावरचा ठिपका, वरचा पट्टा, खालचा पट्टा. विहिरीजवळचं झाड हिंग्यांना सोडलं. तिथलं फूल देवाला घ्यायचं नाही. नेमाला कमी पडेल त्याचं गणपती आणि मी पाहून घेऊ.

ता. १३
अठ्ठावीस झाले. लहानात लहान मुरमुऱ्याएवढा, मोठ्यात मोठा चिंचोक्याहून लांब. मला वाटलं होतं लाल मोठे असतील. नाही. मुरमुऱ्याएवढा लालही आहे, चिंचोक्याएवढा पिवळाही.
वरचा पट्टा काहींचा सलग. काहींचा मधोमध बारीक झालेला. काहींचा तुटून दोन ठिपके. रंगानं ओळीत लावले तर पट्टे विस्कटतात. पट्ट्यांनी लावले तर रंग विस्कटतात. लांबीनं लावले तर दोन्ही.
आणि रंग तरी तीन कुठे आहेत? पिकल्या लिंबासारखा, हळदीसारखा, झेंडूसारखा, शेंदरासारखा, कुंकवासारखा. मधल्यांना नावंच नाहीत.
सासूबाई मागे येऊन उभ्या. बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा पिवळा का नारिंगी?"
"तुम्हीच सांगा."
"…पिवळा. नाही, थांब." आणि आत गेल्या.

ता. १७
लिहायला संकोच वाटतो, पण वही माझी आहे.
ज्या फुलावर दोन हिंगे एकत्र सापडतात, म्हणजे जोडी लागलेली, ते मी वेगळ्या पुडीत ठेवू लागले. आज सात जोड्या. लालाशी लाल एक. बाकी सहांत लालाशी पिवळा, नारिंगीशी लाल, पिवळ्याशी नारिंगी, सगळं आहे. मोठ्याशी लहान आहे. तुटक्या पट्ट्याशी सलग पट्टा आहे. कुणी कुणाचा रंग विचारत नाही.
ह्यांना पुड्या दिल्या. किडे मारायच्या बाटलीत घालताना विचारलं, "दोन दोन का?" मी म्हटलं, "अशाच होत्या." हे लाल झाले. मीही. तिन्ही रंगांचा एकच प्रकार, मग.

ता. २०
मळ्यावर गेले. पहिल्यांदाच, ह्यांच्या जेवणाचा डबा द्यायचं निमित्त नसताना. जुन्या दोन लुगड्यांच्या पट्ट्या फाडून नेल्या होत्या. मुगाच्या बांधावर बायका जेवायला बसल्या होत्या. मंजुळाबाईला आणि सगळ्यांना सांगितलं, पिवळाही फोड आणतो, नारिंगीही आणतो, हाताला गुंडाळा. तक्त्यावरचं ते वाक्य माझ्या चिठ्ठीतून गेलं आहे, चूक माझी आहे.
मंजुळाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, चघळला.
"मंग त्या दिवशी काऊन नाई सांगतलं?"
"हिंमत झाली नाही."
"आता झाली?"
"हात दाखवू?" बाही वर केली. सहा काळे डाग.
ती जवळ येऊन बघत राहिली. मग बाकीच्यांना म्हणाली, "पाह्य व, बाई त आपल्याहून येडी हाये." सगळ्या हसल्या. पट्ट्या घेतल्या.
मुकादम आला. "वहिनी, फडक्यानं काम हळू होते. साहेबाचा कागद हाये." मी म्हटलं, साहेबांनाच विचारते.

ता. २५, नवरात्राची दुसरी माळ
साहेबांना पत्र लिहिलं. दोन पानं, चांगल्या अक्षरात. खाली सही : सौ. सुमती घोटेकर, मॅट्रिक. ह्यांच्याकडे टाकायला दिलं.

ता. २९
कोट धुवायला काढला तर खिशात पत्र. तसंच, तिकीटसुद्धा लावलेलं.
मी परत खिशात ठेवलं नाही. ह्यांच्या जेवणाच्या पाटावर ठेवलं. हे बसले, पत्र पाहिलं, उचलून बाजूला ठेवलं, जेवले. जेवून म्हणाले, "साहेब दसऱ्यानंतर स्वतःच येतायत." माफी नाही, रागही नाही.
मग पत्राची गरजच नाही.

ता. ७ ऑक्टोबर, सोमवार
आज लिहायला पाहिजे, विसरायच्या आत.
साहेब मळ्याच्या कचेरीच्या ओट्यावर खुर्चीत. गेल्या वर्षी राज्य बदललं तेव्हा पुण्याकडून आलेले, बोलणं स्वच्छ, माणूस वाईट नाही. शेजारी हे, मुकादम, शिपाई. मागे उघड्या दारातून आतल्या भिंतीवरचा तक्ता दिसत होता. मी चहाच्या खोक्याचं झाकण घेऊन गेले. त्यावर पांढरा कागद, गाभ्याच्या पट्ट्या, काट्यांवर एक्केचाळीस हिंगे, लिंबापासून कुंकवापर्यंत एका ओळीत.
हे पुटपुटले, "अगं, आत बस." आत म्हणजे कुठे? कचेरीत बायकांना बसायला आतली जागा नाही.
साहेब म्हणाले, "वा वहिनी, किती सुबक! मागचे नमुनेही तुम्हीच लावले होते का?"
"हो. तीन खण होते म्हणून तीन रंग केले. मिसळणीचा डबा होता तो साहेब. तुमचे तीन प्रकार त्यातून निघाले."
शिपाई खोकला. ह्यांनी जमिनीकडे पाहिलं.
साहेब हसले, पण सांभाळून. "डबा कसलाही असो. रंग वेगळा, पट्टा वेगळा, तर प्रकार वेगळा. विभागणी तर करावीच लागते."
"करा मग." मी पेन्सिल पुढे केली. "पिवळा कुठे संपतो तिथे रेघ ओढा."
त्यांना वाटलं सोपं आहे. पुढे वाकले. पेन्सिल चौदाव्यापाशी नेली, सोळाव्यापाशी आणली, परत चौदाव्यापाशी. चष्मा काढून पुसला. शेवटी सोळा आणि सतराच्या मधून रेघ ओढली. ठाम, खाली टोकापर्यंत.
मी वही उघडली. ओळीवर बोट ठेवून वाचलं. "क्रमांक सहा आणि सत्तावीस, एका फुलावर, एकत्र. क्रमांक अकरा आणि एकोणचाळीस, एका फुलावर, एकत्र. क्रमांक सोळा आणि तीस."
एकत्र म्हणजे काय हे साहेबांना कळायला क्षण लागला. कानापर्यंत लाल झाले. मुकादम वर छपराकडे बघू लागला. इतक्या पुरुषांत मी हे बोलले. सासूबाईंनी ऐकलं तर घरात घेणार नाहीत.
"रेघ दुसरीकडे ओढा साहेब. कुठेही ओढा. कुणाचा तरी संसार मोडतो."
मग बाही वर केली. "आणि हे लाल, हे नारिंगी, हे पिवळे. तुम्हीच सांगा कोणता डाग निरुपद्रव्याचा."
साहेबांनी सहाही डाग एकेक करून पाहिले. म्हणाले, "तक्ता छपाईला गेला आहे, वहिनी."
"भिंतीवरचा तर इथेच आहे."
"असं एकदम बदलता येत नाही. वर विचारावं लागतं. हे सोबत नेतो." झाकण शिपायाकडे दिलं. जाताना ह्यांना म्हणाले, "घोटेकर, पत्नी हुशार आहेत." ते कौतुक होतं की धमकी, आम्ही दोघं घरी येईपर्यंत ठरवू शकलो नाही.

ता. ९
हे मळ्यावरून येतात, जेवतात, झोपतात. मुकादम बायकांना पट्ट्या सोडायला लावतो, तो वळला की बायका परत गुंडाळतात.

ता. १४
सकाळी मी टोपली घेऊन उभी, हे विहिरीजवळच्या झाडापाशी वाकलेले. फूल देठासकट अलगद धरून आणलं. "जोडी आहे," म्हणाले. "एक लिंबू, एक शेंदूर. लिहून घे." माझे शब्द. म्हणजे माझी वही वाचली.
पुडी केली नाही. बघितलं, लिहिलं, फूल परत ठेवून दिलं.

ता. २३, दिवाळी
कायम व्हायची यादी निघाली. ह्यांचं नाव नाही. साहेबांनी काढलं की यादीत आलंच नव्हतं, कोण सांगणार. सासूबाईंनी अनारशाचं पीठ काढलं. अनारसे करताना एकदम म्हणाल्या, "त्या मंजुळेचे हात बरे झाले का?"
झाले. तिला फराळ दिला.

ता. २ नोव्हेंबर, शनिवार
वडशाहून माणूस पार्सल देऊन गेला. माझं झाकण. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस, एक काटाही हललेला नाही. पत्र नाही, चिठ्ठी नाही, उलटून पालटून पाहिलं.
मग दिव्याजवळ धरलं. सोळा आणि सतराच्या मधली रेघ नाही. रबरानं नीट घासून खोडलेली. तिथला कागद जरा चोपडा झाला आहे, बोट फिरवलं की कळतं.
ह्यांनीही बोट फिरवलं. "म्हणजे मान्य केलं."
"मग तक्ता?"
"तक्त्याबद्दल काही आलं नाही."

ता. ३, रविवार, कार्तिकी एकादशी
चातुर्मास संपला. एकवीस फुलं मिळाली, सगळी अख्खी. हिंगे गेले आठ दिवस दिसत नाहीत. नेमातले कमी पडलेले दिवस मोजले आणि देवाला सांगितले. लपवलं काही नाही.
मंजुळाबाई आली. विचारलं, कागद आहे का अजून भिंतीवर.
"हाये ना, तसाच. पुढच्या साली नव्या बाया येतीन निंदणाले, मुकादम त्याइले तोच वाचून दाखवन."
आज कचेरी बंद. ह्यांना म्हटलं, किल्ली द्या. हे पाटावरून उठले. मग खुंटीवरून किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली आणि पोथी उघडली. कुठे जातेस विचारलं नाही.
शाईची दौत पदराखाली धरून गेले. ओट्यावर कुणी नव्हतं. कुलूप काढून आत गेले. 'निरुपद्रवी' वर आडवी रेघ मारली. 'हाताने वेचावा' वर मारली. 'प्रकार तीन' मधला तीन खोडून वर एक लिहिलं. शाई वाळेपर्यंत थांबले. मग अगदी खाली, जागा होती तेवढ्यात, सही केली. सौ. सुमती घोटेकर, मॅट्रिक, आरमोरी. साहेबांनी नाव न घालता खोडलं. माझं नाव आहे.
किल्ली खुंटीला लावली. उपास आहे, भगर टाकते आहे.
उद्या सोमवार. सातला मुकादम कुलूप उघडेल.